खनिजाचे बारसे

तेर हे माझे गाव. धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण ते ऐकलेले असेल, किंवा इतिहासाची आवड असेल तर प्राचीन तगर नगर म्हणून. गावाच्या भोवताली पांढरीची टेकाडे आहेत. वळवाचा जोराचा पाऊस पडून गेला की या टेकाडांवरची माती धुऊन निघते आणि तिच्यातून बारीक बारीक मणी वर येतात. तांबड्या अकीकाचे, पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचे, काचेचे, कधी स्वच्छ स्फटिकाचे. आम्ही मुले ते वेचायला धावत असू. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू मोठ्या चिकाटीने जमवल्या, आणि आज त्यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय गावात उभे आहे. १९५८ साली इथे रीतसर उत्खननही झाले.

आज मला बोलायचे आहे ते मात्र मण्यांविषयी नाही, दगडांविषयी. त्यातही नव्या दगडांविषयी. ‘नवा दगड’ हा शब्दप्रयोग ऐकून आपणांस हसू येईल. दगड कुठला नवा? तो तर कोट्यवधी वर्षांचा! खरे आहे. पण एखादे खनिज डोंगराच्या पोटात कितीही वर्षे पडून असो, ते इतरांहून वेगळे आहे हे कोणीतरी ओळखून, तपासून, लिहून ठेवीपर्यंत शास्त्राच्या दृष्टीने त्याचे बारसे झालेले नसते. हे बारसे कसे होते, आणि पुष्कळदा झालेले बारसे मोडावे कसे लागते, हे मी सांगणार आहे.

मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना आमच्या तात्यांनी मळ्यात विहीर पाडायला घेतली. वरची काळी माती गेली, मुरूम गेला, मग कठीण काळा पाषाण लागला. तिथून सुरुंगाचे काम. तीस फुटांच्या सुमारास मिस्त्री म्हणाला, “मांजऱ्या लागला, आता पाणी येईल.” मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक. लाव्हारस थंड होताना त्यातल्या वाफेचे बुडबुडे अडकून राहतात, त्यांची ही भोके. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपते आणि हळूहळू नाना प्रकारचे स्फटिक तिथे बसतात. अकीक तिथलाच. आमच्या तेरच्या मण्यांचा कच्चा माल अशाच पोकळ्यांतून आलेला.

यारीने वर आलेल्या दगडांत मला एक मुठीएवढा तुकडा सापडला. त्याच्या पोकळीत फिकट गुलाबी, मोत्यासारख्या चकाकीचे स्फटिक होते, आणि त्यांची ठेवण मोठी मजेदार होती. कडब्याची पेंढी मधोमध आवळून बांधावी आणि दोन्ही टोकांना ती फुलावी, अगदी तशी. मिस्त्री म्हणाला, “गारगोटी आहे, टाकून दे.” मला ती गारगोटी वाटेना. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. याने उठत नव्हता. उलट चाकूच्या टोकाने यावरच रेघ उमटत होती. शाळेच्या पुस्तकात तर असे काही नव्हते. माझी खात्री झाली की आपल्याला नवे खनिज सापडले! रात्री झोप आली नाही. नाव काय द्यायचे, याचाही विचार करून झाला होता. ‘तेराइट’!

दोन वर्षांनी कॉलेजात गेलो तेव्हा ते फडक्यात बांधून बरोबर नेले आणि भूस्तरशास्त्राच्या प्राध्यापकांसमोर ठेवले. त्यांनी ते हातात घेऊन फिरवले, जरासे हसले, पण काही बोलले नाहीत. “नवे आहे म्हणतोस? मग जुन्यांपैकी एकही नाही, हे आधी दाखव.” एवढे म्हणून त्यांनी मला प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात बसवले.

मग सुरू झाली परीक्षा. आपल्याकडे सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासतो आणि कस पाहतो. खनिज ओळखणारा ते न चकाकणाऱ्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासतो. काळे दिसणारे खनिज कधी तांबडा कस देते, कधी तपकिरी. माझ्या दगडाचा कस पांढराच आला. मग काठिण्य, मग विशिष्ट गुरुत्व. हवेत वजन करायचे आणि पाण्यात बुडवून पुन्हा वजन करायचे. मग आम्लाचा थेंब. शेवटी त्यांनी फुंकनळी हातात दिली. दिव्याची ज्योत फुंकून बारीक करायची आणि खनिजाच्या कपच्यावर रोखायची. मी फुंकले आणि चकित झालो. तो कपचा उकळला! दुधाला उतू येते तसा फुगला, बुडबुडला आणि पांढरा फेस होऊन बसला.

“हे असे कोणी पहिल्यांदा पाहिले, ठाऊक आहे?” प्राध्यापकांनी विचारले. “१७५६ साली, स्वीडनमधल्या क्रॉनस्टेट नावाच्या माणसाने. त्याने या कुळाला नाव दिले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. स्फटिकाच्या आत पाणी कोंडलेले असते, ते तापवल्यावर बाहेर येते. तुझा दगड त्या कुळातला स्टिल्बाइट. आपल्या काळ्या पाषाणात तो जागोजाग आहे.”

माझा ‘तेराइट’ तिथेच संपला.

तेव्हा वाईट वाटले. पण पुढे कळले की या चुकीत मी एकटा नाही. पुण्याच्या दगडांत सापडलेल्या सुईसारख्या पांढऱ्या स्फटिकांना १८३१ साली ब्रूक नावाच्या नामांकित इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने ‘पूनालाइट’ असे नाव दिले होते. पुण्याचे नाव जगाच्या खनिजांच्या यादीत गेले. परंतु अधिक बारकाईने तपासल्यावर ते आधीच नाव असलेल्या सुईदार झिओलाइटांपैकीच निघाले, आणि पूनालाइट हे नाव आता जुन्या पुस्तकांच्या सूचीत तेवढे उरले आहे.

ओळख पटवणे हे काम दगडांपुरतेच अवघड असते असे नाही. आमच्या गावाचेच पाहा ना. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणापासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. पैठणाहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून जात, तगराहून कापड. आता हे तगर कुठले? कोणी म्हणे देवगिरी, कोणी म्हणे जुन्नर, कोणी धारूर. प्रत्येकाजवळ काही ना काही पुरावा होता. १९०१ साली फ्लीट या पंडिताने दिशा, अंतर, ताम्रपटांतली नावे हे सगळे एकत्र जुळवून दाखवले की तगर म्हणजे तेर. एकच खूण जुळली म्हणून भागत नाही; सगळ्या खुणा एका जागी जुळाव्या लागतात. खनिजालाही हाच न्याय आहे.

आमच्या काळ्या पाषाणात धातूच्या खाणी नाहीत. त्या पाहायच्या तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत जावे लागते. तिथले खडक आपल्या काळ्या पाषाणाहून कितीतरी पटींनी जुने. जमिनीच्या पोटात खोल गेलेले, दाबाने आणि उष्णतेने पार बदलून गेलेले. त्यांत मँगनीजचे पट्टे आहेत. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, काचरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे खाणीच्या धंद्यातल्या माणसांच्या तोंडी असतात. आपल्या हातातल्या रेडिओच्या साध्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते, ती मँगनीजचीच. डोंगरी बुजुर्गचा माल या कामासाठी प्रसिद्ध आहे. विसावे शतक उजाडता उजाडता या भागात खाणी सुरू झाल्या, म्हणजे त्यांना आता शंभरावर वर्षे झाली.

१९०२ साली भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात ल्युइस ली फर्मर नावाचा एक तरुण इंग्रज दाखल झाला. वय अवघे बावीस. त्याच्याकडे मँगनीजचे काम आले. तो नागपूर, भंडारा, छिंदवाडा, बालाघाट, झाबुआ आणि तिकडे विशाखापट्टणपर्यंत खाणी पाहत हिंडला. १९०९ साली त्याचा भारतातील मँगनीजवरचा ग्रंथ निघाला. तो उचलायला दोन हात लागतात, इतका मोठा. या प्रांतातल्या गोंड लोकांच्या नावावरून त्याने तिथल्या एका खडकाला ‘गोंडाइट’ हे नाव दिले, आणि ते आजही चालते. पण आपला विषय खडकांचा नाही, खनिजांचा. खडक म्हणजे चिवडा. खनिज म्हणजे त्यातला एकेक जिन्नस.

या हिंडण्यात फर्मरला अशी अनेक खनिजे दिसली की जी पुस्तकांत नव्हती. १९०८ साली त्याने एकाच लेखात तीन नवी मँगनीजयुक्त खनिजे जाहीर केली. व्रेडेनबर्गाइट, सितापाराइट आणि जुडाइट. यांतले सितापाराइट हे छिंदवाडा जिल्ह्यातल्या सितापार गावावरून. बाकीची दोन माणसांच्या नावांवरून. जुडाइट आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या काचरवाहीचे. त्याच काचरवाहीचे ब्लॅनफोर्डाइट, एका बाजूने पाहिले तर गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळे दिसणारे. बेलडोंगरीवरून बेलडोंग्राइट. आणि झाबुआ जिल्ह्यातल्या काजलीडोंगरी खाणीतून दोन, हॉलंडाइट आणि विंचाइट. हॉलंडाइटला खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखांचे नाव मिळाले, विंचाइटला ते प्रथम शोधून काढणाऱ्या विंच नावाच्या गृहस्थाचे.

आता यांचे पुढे काय झाले ते ऐका. यातच खरी गोष्ट आहे.

फर्मरजवळ साधने कोणती होती? तराजू, आम्ले, कस पाहायचा तुकडा, लोहचुंबक आणि सूक्ष्मदर्शक यंत्र. ते यंत्रही दगडाची कागदासारखी पातळ चकती करून तिच्यातून आरपार प्रकाश सोडून पाहायचे. मँगनीजची बहुतेक खनिजे काळी ठिक्कर. त्यांतून प्रकाश जातच नाही. मग उरते रासायनिक पृथक्करण. दगड कुटायचा, पूड करायची, विरघळवायची, आणि मँगनीज किती, लोह किती, हे मोजायचे. फर्मरने ते फार काळजीने करवून घेतले. आकडे बरोबर होते. पण आकडे बरोबर असूनही उत्तर चुकू शकते.

कसे, ते सांगतो. समजा, कोणी ज्वारी आणि बाजरी एकत्र दळून आणली. ते पीठ एखाद्या हुशार माणसाला दिले आणि विचारले की हे कोणत्या धान्याचे? तो पीठ तपासतो. ज्वारीशी जुळत नाही. बाजरीशीही जुळत नाही. तो म्हणतो, हे तिसरेच धान्य! त्याची तपासणी चोख आहे; फक्त दळण्यापूर्वी दाणे त्याने पाहिलेले नाहीत. व्रेडेनबर्गाइटचे नेमके हेच झाले. ते जोरदार चुंबकीय, दिसायला एकजिनसी. पुढे दगड आरशासारखा घासून, त्याच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची रीत रुळली, तेव्हा दिसले की ते एक खनिज नाहीच. जॅकोबसाइट आणि हॉसमनाइट या दोन जुन्याच खनिजांचे बारीक बारीक पापुद्रे एकमेकांत विणलेले आहेत.

सितापाराइटची गोष्ट वेगळी. ते मिश्रण नव्हते. एकच खनिज होते. पण १८९७ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात बिक्सबाइट नावाचे खनिज वर्णिले गेले होते. १९१२ साली जर्मनीत लाउए याने दाखवले की स्फटिकातून क्ष-किरण सोडले असता आतल्या अणूंच्या मांडणीप्रमाणे ठिपक्यांची नक्षी उमटते. ही नक्षी म्हणजे खनिजाचा अंगठ्याचा ठसाच. फर्मरने नावे दिली तेव्हा हा ठसा घ्यायची सोय जगातच नव्हती. पुढे ठसे जुळवून पाहिले तेव्हा सितापाराइट आणि बिक्सबाइट एकच ठरले. ज्याचे बारसे आधी, त्याचे नाव खरे, हा नियम. त्यामुळे युटाचे राहिले, सितापारचे गेले.

जुडाइट आणि ब्लॅनफोर्डाइट गेले ते तिसऱ्या कारणाने. त्यांत मँगनीज होते खरे, पण थोडेसे. पोह्यांत चार शेंगदाणे टाकले म्हणून त्याला कोणी शेंगदाण्याचे पक्वान्न म्हणत नाही. तसे, मँगनीजने नुसता रंग बदलला म्हणून जात बदलत नाही. अणूंच्या मांडणीतल्या एखाद्या जागेवर त्याचे बहुमत असावे लागते. बेलडोंग्राइटही आज स्वतंत्र खनिजांच्या यादीत नाही. विंचाइट हे नाव टिकले, पण त्याचा अर्थ पुढच्या शास्त्रज्ञांनी बराच बदलून घेतला.

आमच्या गोरोबाकाकांची कथा आपणांस ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी हातात थापटी घेतली आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे, ते सांगितले. नामदेवांसारखा भक्त त्या वेळी कच्चा ठरला! फर्मरच्या मडक्यांवर पुढच्या पिढ्यांनी अशीच थापटी मारली. पण त्यामुळे फर्मर लहान झाला असे मी मानत नाही. त्याने प्रत्येक नमुना कोणत्या खाणीतला, कोणत्या खडकाला चिकटलेला, दिसायला कसा, कस कोणता, हे इतके नीट लिहून ठेवले होते की त्याची चूक शोधणाऱ्यांना ती त्याच्याच टिपणांवरून शोधता आली. चूक सापडू शकेल अशा रीतीने काम करणे ही शास्त्रातली मोठीच गोष्ट आहे, आणि ती सर्वांना साधत नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या स्मिथ आणि प्रायर या दोघांनी सितापारच्याच खाणीतल्या एका नव्या खनिजाला १९१० साली फर्मरचे नाव दिले, ‘फर्मोराइट’. १०० वर्षांनी, २०१० साली, त्या कुळाचे नव्याने नामकरण झाले तेव्हा तेही नाव बदलले गेले. बिचारा फर्मर!

परंतु हॉलंडाइट मात्र पक्के निघाले. काजलीडोंगरीच्या त्या काळ्या, चमकदार खनिजात बेरियम आणि मँगनीज आहे. १९५० साली त्याची आतली रचना क्ष-किरणांनी उकलली गेली, आणि दिसले काय? अणूंच्या भिंतींमधून सरळ बोगदे गेलेले आहेत, आणि त्या बोगद्यांत बेरियमचे मोठे अणू बसलेले आहेत. ही रचना पुढे फार उपयोगाची ठरली. अणुभट्ट्यांतून जो किरणोत्सर्गी कचरा निघतो, त्यात सिझियम नावाचा एक मोठा अवघड पदार्थ असतो. तो पाण्याबरोबर सहज पसरतो. १९७८ साली ऑस्ट्रेलियात रिंगवुड या शास्त्रज्ञाने असा कचरा कृत्रिम दगडात कोंडून ठेवण्याची युक्ती मांडली. त्या दगडातले एक मुख्य खनिज हॉलंडाइटच्या रचनेचे आहे, मँगनीजऐवजी टिटॅनियम घालून बनवलेले. सिझियम त्याच्या बोगद्यांत जाऊन बसते. ज्या रचनेला झाबुआच्या खाणीतल्या एका दगडावरून नाव मिळाले, तिच्याकडे पुन्हा वळायला सत्तर वर्षे गेली.

हल्ली बारसे कसे होते? नवे खनिज सापडले असे वाटले तर वर्तमानपत्रात जाहीर करून चालत नाही. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने १९५९ साली यासाठी एक मंडळ नेमले. निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी त्यावर असतात. त्यांच्याकडे सगळा पुरावा पाठवायचा. पृथक्करण, क्ष-किरणांचा ठसा, रंग, कस, काठिण्य, गुरुत्व, सापडल्याची जागा, सोबतची खनिजे. मूळ नमुना एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात जमा करायचा, म्हणजे कोणालाही पुन्हा तपासता यावा. मग सदस्य मत देतात. ते अनुकूल आले तरच नाव छापायचे. शोधणाऱ्याला स्वतःचे नाव देता येत नाही, हा मला या सगळ्यात आवडलेला नियम. आज मान्य खनिजांची संख्या सहा हजारांच्या घरात आहे, आणि दरवर्षी शंभरच्या आसपास नव्यांची भर पडते.

आपण म्हणाल, सगळी पृथ्वी खणून झाली, आता नवे कुठून निघते? तर ते पुष्कळदा जुन्या खाणींतूनच निघते. एक तर आता दाणा लहान असला तरी चालतो. इलेक्ट्रॉनांचा सुईहून बारीक झोत टाकून, डोळ्याला न दिसणाऱ्या कणाचे पृथक्करण तो कण न फोडता होते. दळण्यापूर्वी दाणा पाहायची सोय झाली म्हणा ना! कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी एकोणिसाव्या शतकापासून चालू होत्या, तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. तिथल्या खनिजांत आता काय नवे, असे कोणालाही वाटले असते. पण १९८५ साली तिथल्या धातुपाषाणातून दोन नवी खनिजे वर्णिली गेली, कोलाराइट आणि राधाकृष्णाइट. दोन्हींत शिसे, टेल्युरियम आणि क्लोरीन. दुसऱ्याला नाव मिळाले ते बी. पी. राधाकृष्ण या आपल्या देशातल्या थोर भूशास्त्रज्ञाचे. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, नावे राहिली.

दुसरे कारण अधिक मौजेचे आहे. खाण सोडून दिली तरी ती स्वस्थ बसत नाही. बोगद्यात हवा शिरते, ओल शिरते, भिंतीतल्या धातूंच्या खनिजांशी त्यांची क्रिया चालू होते आणि भिंतींवर रंगीत बुरा धरतो. लोणच्याच्या बरणीच्या काठावर मीठ फुलते तसा. अमेरिकेत युटा राज्यात ‘ब्लू लिझर्ड’, म्हणजे निळा सरडा, या नावाची युरेनियमची एक सोडून दिलेली खाण आहे. तिच्या भिंतींवर अशा बुऱ्यातून अनेक नवी खनिजे निघाली. एकाचे नाव ब्लूलिझर्डाइट. ते पाण्यात विरघळते. म्हणजे भिंतीवर एक दिवस पाणी ओघळले की खनिज संपले!

यावर प्रश्न निघतो की याला निसर्गाचे म्हणायचे की माणसाचे? खाण माणसाने खणली नसती तर हे झालेच नसते. मंडळाने मध्यम मार्ग काढला आहे. माणसाने भट्टीत किंवा कारखान्यात बनवलेला पदार्थ खनिज नव्हे. पण मूळच्या खडकावर हवापाण्याने आपोआप घडले ते खनिज. २०१७ साली काही शास्त्रज्ञांनी यादी केली तेव्हा माणसाच्या उद्योगामुळेच, किंवा मुख्यतः त्यामुळेच, झालेली २०८ मान्य खनिजे भरली. त्यांतली पुष्कळशी जुन्या खाणींतली.

आमच्या काळ्या पाषाणालाही मी विसरलेलो नाही. पुण्याजवळ वाघोलीला खडीच्या खाणी आहेत. तिथे मोरपिसाच्या डोळ्यासारख्या गडद निळ्या रंगाच्या स्फटिकांचे गुच्छ मिळतात. खनिजाचे नाव कॅव्हॅन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून जोडलेले. जगातले सर्वांत सुंदर नमुने वाघोलीचे, देशोदेशींच्या संग्रहालयांत काचेआड मांडलेले. पण त्याचे वर्णन १९७३ साली छापले गेले ते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या नमुन्यांवरून. तेव्हा मूळ स्थान ओरेगॉन, आणि ते कायमचे.

म्हणून विहीर पाडणाऱ्यांना, खडी फोडणाऱ्यांना आणि शाळेतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पोकळीतला वेगळा दिसणारा दगड टाकू नका. आणि ठेवलात तर नुसता ठेवू नका. त्याच दिवशी एका चिठ्ठीवर गाव, शिवार, किती फुटांवर, कोणत्या थरात, एवढे लिहा आणि ती चिठ्ठी त्याच्याबरोबरच गुंडाळा. आठवणीवर भरवसा ठेवू नका. माझ्याजवळ लहानपणी जमवलेल्या दगडांचा एक डबा आहे. त्यात चांगले स्फटिक आहेत, एक हिरवट तुकडा तर अजून मला चकवतो. पण कुठला कुठून आणला, हे आता मलाच सांगता येत नाही. तेव्हा त्यांचा उपयोग पेपरवेट म्हणून.

तो तात्यांच्या विहिरीतला दगड मात्र वेगळा ठेवला आहे. प्राध्यापकांनी तो परत दिला तेव्हा मला वाटले होते, स्टिल्बाइट तर स्टिल्बाइट, फेकून द्यावा. त्यांनी आधी मला विहिरीची सगळी हकीकत विचारली आणि स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहून त्याला बांधली. ‘तेर. मळ्यातील विहीर. तीस फूट. मांजऱ्या.’ खनिजाचे नाव त्यांनी सर्वांत खाली, आणि तेही शिसपेन्सिलीने लिहिले. मी विचारले, “वरचे शाईने आणि हे पेन्सिलीने, असे का?” ते म्हणाले, “अरे, विहीर काही बदलायची नाही. नाव बदलले तर खोडायला बरे.”